फोनला झोपायला शिकवणारा माणूस : एड्सगर डाइकस्ट्रा

तुम्ही हा लेख वाचताय तेव्हा तुमच्या फोनमध्ये शेकडो कामं एकाच वेळी सुरू आहेत. कोणी नेटवर्कवरून येणाऱ्या मेसेजची वाट पाहतंय, कोणी तुमच्या बोटाच्या स्पर्शाची, तर कोणी सकाळच्या अलार्मची. तरीही फोन गरम होत नाही आणि बॅटरी तासाभरात संपत नाही. कारण एकच, यातली जवळजवळ सगळी कामं आत्ता झोपलेली आहेत. गरज पडली की कोणीतरी त्यांना उठवतं, काम झालं की ती परत झोपतात.

वाचायला सोपं वाटतं. पण कॉम्प्युटरला नीट झोपवणं आणि वेळेवर उठवणं हा ऑपरेटिंग सिस्टिममधला सगळ्यात फसवा प्रश्न आहे. आज मी तुम्हाला ज्यांची गोष्ट सांगणार आहे, त्यांनी साठीच्या दशकात या प्रश्नाचं इतकं साधं उत्तर दिलं की आजचे कर्नलही त्याच विचारावर उभे आहेत. त्यांचं नाव एड्सगर वीबे डाइकस्ट्रा. इंजिनिअरिंग करणाऱ्यांनी हे नाव शॉर्टेस्ट पाथ अल्गोरिदममुळे नक्की ऐकलेलं असतं. डच स्पेलिंगमध्ये त्यात एक जे येतो, म्हणून आपल्याकडे कोणी डिजक्स्ट्रा म्हणतं, कोणी आणखी काही. उच्चार डाइकस्ट्रा असा आहे.

आधी थोडक्यात : थ्रेड, कर्नल आणि झोप

थ्रेड म्हणजे कामाचा एक धागा, एकामागोमाग एक चालणाऱ्या सूचनांची माळ. एका ॲपमध्ये असे अनेक थ्रेड असतात. एक स्क्रीन सांभाळतो, दुसरा फोटो डाउनलोड करतो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कोणत्या थ्रेडला प्रोसेसर कधी द्यायचा, हे तो ठरवतो.

आता समजा एका थ्रेडला डेटा हवाय आणि डेटा अजून आलेला नाही. त्याच्यापुढे दोन रस्ते आहेत. पहिला, आला का, आला का असं सेकंदाला लाखो वेळा विचारत राहणं. याला बिझी वेटिंग म्हणतात. यात प्रोसेसर पूर्ण वेगाने धावतो आणि हातात काहीच येत नाही. दुसरा रस्ता म्हणजे कर्नलला सांगायचं की मी झोपतो, डेटा आला की मला उठव. सगळेच थ्रेड झोपले की प्रोसेसरही कमी विजेवर जाऊन पडतो. तुमची बॅटरी टिकते ती यामुळे.

कायद्याचं स्वप्न, फिजिक्सचं शिक्षण

डाइकस्ट्रांचा जन्म 11 मे 1930 रोजी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात झाला. वडील शाळेत केमिस्ट्री शिकवायचे, डच केमिकल सोसायटीचे ते अध्यक्षही होते. आई गणिती होती. मुलाला मात्र कायदा शिकून संयुक्त राष्ट्रांत आपल्या देशाचं प्रतिनिधित्व करावंसं वाटत होतं. पण गणित आणि विज्ञानात मार्क इतके चांगले पडले की गाडी लायडन विद्यापीठात थिअरॉटिकल फिजिक्सकडे वळली.

1951 मध्ये ते तीन आठवड्यांच्या प्रोग्रॅमिंग कोर्ससाठी इंग्लंडमध्ये केंब्रिजला गेले. तिथे एडसॅक हा तेव्हाचा गाजलेला कॉम्प्युटर होता. पुढच्याच वर्षी, मार्च 1952 मध्ये, ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये त्यांना प्रोग्रॅमर म्हणून काम मिळालं. त्या काळात हा धंदा म्हणून कुणी ओळखतच नव्हतं. फिजिक्स करायचं की प्रोग्रॅमिंग, या पेचात ते काही वर्षं होते. शेवटी ते आपले वरिष्ठ आड्रियान व्हान वाइनखार्डन यांच्याकडे गेले. त्यांनी समजावलं की कॉम्प्युटर आता जाणार नाहीत, आणि प्रोग्रॅमिंगला अजून शास्त्राची प्रतिष्ठा नसेल तर ती मिळवून देणाऱ्यांपैकी एक तू का होऊ नयेस? डाइकस्ट्रांनी हे मनावर घेतलं.

1957 मध्ये रिया डेबेट्स यांच्याशी लग्न करताना फॉर्मवर व्यवसायाचा रकाना आला. त्यांनी प्रोग्रॅमर लिहिलं. ॲमस्टरडॅमच्या पालिकेने ते मान्य केलं नाही, असा व्यवसायच नाही म्हणून. त्यामुळे कागदावर थिअरॉटिकल फिजिसिस्ट अशी नोंद झाली. आज पुण्यातल्या हिंजवडीत संध्याकाळी बसची वाट पाहणाऱ्या गर्दीला हा किस्सा सांगून बघा, कुणाचा विश्वास बसणार नाही.

कॅफेतली वीस मिनिटं

ज्या अल्गोरिदममुळे ते जगभर ओळखले जातात, त्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. 1956 मध्ये आर्मॅक हा नवा कॉम्प्युटर लोकांना दाखवायचा होता. सामान्य माणसालाही कळेल असा प्रश्न हवा होता. एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचा सगळ्यात जवळचा रस्ता कोणता? डाइकस्ट्रा होणाऱ्या बायकोबरोबर खरेदीला बाहेर पडले होते. दमल्यावर दोघं एका कॅफेच्या ओसरीवर कॉफी प्यायला बसले, आणि तिथे साधारण वीस मिनिटांत, कागद-पेन्सिल न घेता, त्यांनी उत्तर मनातल्या मनात जुळवलं. ते 1959 मध्ये छापून आलं. नकाशा दाखवणाऱ्या आजच्या ॲपमागे याच विचाराची सुधारलेली रूपं आहेत.

कागद हाताशी नसला की माणूस गुंतागुंत टाळतोच, जे डोक्यात मावतं तेवढंच ठेवतो. डाइकस्ट्रांनी पुढे हीच सवय आयुष्यभर जपली, आणि झोपेच्या प्रश्नात ती कामाला आली.

इंटरप्टची धास्ती

पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी त्यांचे सहकारी ब्राम लोपस्ट्रा आणि कारेल स्खोल्टेन इलेक्ट्रोलॉजिका एक्स वन हे नवं यंत्र बनवत होते. त्यात त्यांनी एक नवी सोय आणली, इंटरप्ट. प्रोसेसर आपलं काम करत असतो आणि प्रिंटर किंवा टेप रीडर मध्येच त्याला टोकतो, माझं झालं, इकडे बघ. यामुळे प्रोसेसरला यंत्रांची वाट बघत बसावं लागत नाही.

सोय छान होती, पण डाइकस्ट्रा हबकले. तोवर प्रोग्रॅम चुकला तर तो पुन्हा तसाच चालवता यायचा आणि चूक पुन्हा तशीच दिसायची. इंटरप्ट कधी येईल याचा मात्र नेम नाही. आज इथे आला, उद्या दोन सूचनांनंतर. म्हणजे एखादी चूक हजारात एकदाच होणार, आणि तपासायला बसलात की गायब. अशी चूक शोधायची तरी कशी?

त्यांनी टाळाटाळ केली, पण शेवटी कामाला लागले. इंटरप्ट हाताळणारा कोड त्यांनी लिहिला आणि त्यावरच 1959 मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठातून पीएचडी मिळवली. ही धास्ती मात्र त्यांनी कधी सोडली नाही. मला विचाराल तर त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ त्या धास्तीतच आहे. वेळेवर अवलंबून असलेली चूक टेस्टिंग करून पकडता येत नाही, म्हणून रचनाच अशी साधी हवी की ती बरोबर आहे हे विचार करून पटवता येईल, ही त्यांची धारणा तिथून पक्की झाली.

हरवलेली हाक

ती चूक दिसते कशी, हे आता बघू. 1965 मध्ये लिहिलेल्या एका मोठ्या टिपणात डाइकस्ट्रांनी झोपलेल्या न्हाव्याचं उदाहरण दिलं होतं. मी ते आपल्या सलूनमध्ये आणून, थोडं बदलून सांगतो.

सलूनवाला आतल्या खोलीत आहे. तो बाहेर डोकावतो, गिऱ्हाईक नाही. म्हणून तो आत खुर्चीत जाऊन झोपायचं ठरवतो. तो दारातून खुर्चीकडे चाललाय, तेवढ्यात गिऱ्हाईक येतं, टेबलावरची घंटा एकदाच वाजवतं आणि बाकावर बसतं. घंटेचं काम झोपलेल्याला उठवणं. पण सलूनवाला त्या क्षणी झोपलेलाच नाही, मग उठवणार कोणाला? घंटा वाया जाते. सलूनवाला खुर्चीत पोचतो आणि झोपतो. गिऱ्हाईकाला वाटतं आता बोलावतील, सलूनवाल्याला वाटतं कुणी आलं की घंटा वाजेलच. दोघंही बसून राहतात, कायमचे.

दोघांपैकी कुणीही चूक केली नाही. तपासणं आणि झोपणं यांच्यामध्ये एक फट राहिली आणि हाक त्या फटीत पडली. कर्नलच्या भाषेत याला लॉस्ट वेकअप म्हणतात. ॲप विनाकारण अडकतं, फोन हँग होतो, रिस्टार्ट केला की सगळं ठीक, आणि पुन्हा तसं करून दाखवा म्हटलं तर होत नाही. अशा वेळी कारण बऱ्याचदा या जातीचं असू शकतं.

सेमाफोर : लक्षात राहणारी हाक

1962 मध्ये डाइकस्ट्रा आइंडहोव्हनच्या तंत्रशिक्षण विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. तिथे एक्स एट या यंत्रासाठी ऑपरेटिंग सिस्टिम बनवताना त्यांनी या प्रश्नाचं उत्तर काढलं. नाव दिलं सेमाफोर, म्हणजे रेल्वेचा हात वर-खाली करणारा जुना सिग्नल.

सेमाफोर म्हणजे फक्त एक आकडा आणि झोपलेल्यांची एक रांग. त्यावर दोनच क्रिया करता येतात. पहिलीचं नाव पी. आकडा शून्याच्या वर असेल तर एकने कमी करा आणि पुढे जा, नसेल तर रांगेत झोपा. दुसरीचं नाव व्ही. रांगेत कुणी झोपलेलं असेल तर एकाला उठवा, नसेल तर आकडा एकने वाढवा. ही अक्षरं डच शब्दांवरून आली. व्ही म्हणजे वाढवणे या अर्थाच्या फरहोखन शब्दाचं पहिलं अक्षर, आणि पी म्हणजे कमी करून बघणे या अर्थाने त्यांनी स्वतः बनवलेल्या प्रोलाख या शब्दाचं.

यातली गंमत दोन गोष्टींत आहे. एक, दोन्ही क्रिया अखंड आहेत. तपासणं आणि झोपणं हे एकच पाऊल झालं, मध्ये फट उरलीच नाही. दोन, हाक वाया जात नाही. कोणी झोपलेलं नसताना घंटा वाजली तर आकडा वाढून राहतो, जणू टेबलावर चिठ्ठी पडून राहते. सलूनवाला झोपायला जाण्याआधी चिठ्ठी बघतो आणि गिऱ्हाईकाला आत घेतो.

याच सेमाफोरने आणखी एक काम होतं. आकडा सुरुवातीला 1 ठेवला तर ते कुलूप बनतं, एका वेळी एकच थ्रेड आत. आपल्याकडे एकेरी रेल्वेमार्गावर ड्रायव्हरच्या हातात टोकन असल्याशिवाय गाडी पुढे सोडत नसत. टोकन एकच, त्यामुळे समोरासमोर दोन गाड्या येणं शक्यच नाही. अगदी तसंच.

टीएचई : लहान टीम, मोठा धडा

या विद्यापीठाच्या डच नावाच्या आद्याक्षरांवरून त्या ऑपरेटिंग सिस्टिमला टीएचई म्हणतात. 1968 मध्ये डाइकस्ट्रांनी तिच्यावर लेख प्रसिद्ध केला. टीममध्ये सहा माणसं, तीही सरासरी अर्धवेळ. यंत्राची मुख्य मेमरी 32 हजारांच्या आसपास शब्दांची, प्रत्येक शब्द 27 बिटांचा. आजच्या मापात साधारण 110 केबी, म्हणजे मोबाइलवर फॉरवर्ड होऊन आलेल्या एका साध्याशा फोटोइतकी.

एवढ्याशा जागेत त्यांनी सिस्टिम थरांमध्ये रचली. सगळ्यात खालचा थर प्रोसेसर वाटून देतो, त्यावरचा मेमरी सांभाळतो, त्याच्या वर ऑपरेटरशी बोलणं, मग इनपुट-आउटपुट, आणि वर लोकांचे प्रोग्रॅम. प्रत्येक काम हा स्वतंत्र धागा, आणि धाग्यांचं एकमेकांशी नातं फक्त सेमाफोरमार्फत. वरच्या थराला खालच्या थराच्या भानगडी बघाव्याच लागत नाहीत. कोण झोपलाय, प्रोसेसर कुणाकडे आहे, हे सगळं तळाशी मिटलेलं. त्यामुळे प्रत्येक थर वेगळा तपासता आला, आणि चाचणीत फक्त किरकोळ लिखाणाच्या चुका निघाल्या.

दोन थ्रेड एकमेकांच्या कुलपासाठी अडून बसले तर काय, हाही प्रश्न त्यांनीच पुढे आणला. आज आपण त्याला डेडलॉक म्हणतो. टेबलाभोवती बसलेल्या पाच तत्त्वज्ञांचं कोडं याचंच आहे. 1965 मध्ये ते त्यांनी विद्यार्थ्यांना परीक्षेत घातलं, तेव्हा त्यात तत्त्वज्ञ नव्हते, टेप ड्राइव्हसाठी भांडणारे कॉम्प्युटर होते. तत्त्वज्ञ नंतर टोनी होअर यांनी आणले.

मग आजच्या फोनमध्ये काय आहे?

अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्स कर्नल असतो. लिनक्सची गोष्ट बघितली की डाइकस्ट्रांची धास्ती किती खरी होती ते कळतं.

लिनक्समध्ये पूर्वी स्लीप ऑन नावाचं फंक्शन होतं. वापरायला एकदम सोपं, बोलवा आणि झोपा. पण त्यात सलूनवाल्याची फट होती. आधी तपासायचं, मग झोपायचं, आणि मधली हाक गेली. हे सगळ्यांना माहीत होतं, तरी जुन्या ड्रायव्हर्समध्ये ते वर्षानुवर्षं राहिलं. शेवटी 2014 च्या 3.15 आवृत्तीत ते कर्नलमधून कायमचं काढलं गेलं. म्हणजे डाइकस्ट्रांच्या टिपणानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी!

आता बरोबर क्रम काय? थ्रेड आधी जाहीर करतो की मी झोपलेला आहे. मग अट तपासतो. अट पूर्ण नसेल तरच प्रोसेसर सोडतो. मध्येच हाक आली तर ती हाक त्याची नोंद पुन्हा जागा अशी करते, आणि थ्रेड झोपत नाही. क्रम उलटा केला की फट बुजते. पण प्रत्येक ड्रायव्हर लिहिणाऱ्याने हा क्रम हाताने लिहिला तर कुणीतरी चुकणारच. म्हणून वेट इव्हेंट नावाचं तयार साधन आहे. त्याला फक्त कशाची वाट बघायची ते सांगायचं, क्रम ते सांभाळतं.

थ्रेड जन्माला घालण्याचंही तसंच. पूर्वी कर्नलमध्ये नवा थ्रेड बनवायचा तर बऱ्याच खटपटी हाताने कराव्या लागत. 2004 मध्ये रस्टी रसेल यांनी त्यासाठी केथ्रेड नावाची छोटी साधनं लिहिली. यात नवा थ्रेड झोपलेलाच जन्मतो. बनवणारा आपली तयारी पूर्ण करतो आणि मग त्याला उठवतो, त्यामुळे अर्धवट तयारीवर थ्रेड पळत सुटत नाही. बंद करायचा असेल तर थांब अशी खूण ठेवायची, त्याला उठवायचं आणि तो संपेपर्यंत थांबायचं. झोपेच्या भानगडी पुन्हा एकाच जागी मिटल्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. आजच्या लिनक्समध्ये सेमाफोर पूर्वीइतका वापरला जात नाही. कुलपासाठी 2006 पासून म्युटेक्स नावाचं वेगळं, आणखी साधं साधन आलं. तुमची ॲप्स जे कुलूप वापरतात त्याच्या मुळाशी फ्युटेक्स असतं, आणि तेसुद्धा झोपण्याआधी आकडा अजून तोच आहे ना, हे त्याच अखंड पावलात तपासतं. नाव बदललं, विचार तोच राहिला.

हट्टी माणूस

1972 मध्ये डाइकस्ट्रांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. 1973 पासून ते बरोज कंपनीचे रिसर्च फेलो म्हणून न्यूनेन गावातल्या घरूनच काम करू लागले. 1984 मध्ये ते अमेरिकेत ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात गेले आणि 1999 मध्ये निवृत्त झाले.

स्वभाव सोपा नव्हता. गो टू या सूचनेविरुद्ध 1968 मध्ये त्यांनी लिहिलेल्या पत्राने प्रोग्रॅमर लोकांत भांडणं लावली. त्याचं भडक शीर्षक मात्र त्यांचं नव्हतं, संपादक निकलाउस विर्थ यांनी दिलेलं होतं. पटलं नाही की ते तोंडावर बोलत, आणि अनेकांना ते दुखावणारं वाटे. दुसरीकडे, आपलं लेखन ते फाउंटन पेनने सुबक अक्षरात लिहीत, क्रमांक घालून झेरॉक्स काढत आणि मित्रांना पोस्टाने पाठवत. ईडब्ल्यूडी या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी अशी तेराशेहून जास्त टिपणं आहेत. कॉम्प्युटरचं शास्त्र घडवणाऱ्या या माणसाने कितीतरी वर्षं स्वतःच्या टेबलावर कॉम्प्युटर ठेवला नव्हता. सुट्टीत फिरायला त्यांच्याकडे फोक्सवॅगनची बस होती, तिचं नाव टूरिंग मशीन.

2002 च्या सुरुवातीला ते न्यूनेनला परतले. कॅन्सर झाला होता. 6 ऑगस्ट 2002 रोजी ते गेले.

यातून आपण काय घ्यायचं?

तुम्ही ॲप बनवायला शिकत असाल तर मी एवढंच सांगेन, लूप लावून वाट बघू नका. झोपा आणि उठवायला सांगा. झोपण्याचा कोड स्वतः जुळवू नका, तयार साधन वापरा. आणि शंभरदा चाललं म्हणून ते बरोबर आहे असं समजू नका. एकशे एकाव्या वेळी घंटा त्या फटीत वाजू शकते.

आणि कोडशी संबंध नसेल, तरी एकदा फोनच्या सेटिंगमध्ये बॅटरीचा तक्ता उघडून बघा. तुम्ही न वापरताही चार्जिंग खाणारं एखादं ॲप तिथे हमखास वर दिसेल. कदाचित त्या ॲपला अजून वाट बघायची कशी, हेच कळलेलं नसेल.